न दुखणारी जखम

आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये विडी ओढलेली चालत नाही. कापसाची धूळ सगळीकडे उडत असते, एक ठिणगी पडली तर लूमसकट छप्पर जायचं. म्हणून टेमघरच्या आमच्या गल्लीत मालक असो की कारीगर, सगळे तंबाखू-चुना मळून गालात धरतात आणि वर ऐट मारतात की आपण काय विडी-सिगारेटवाले नाही. आमचे हेही त्यातलेच. उजव्या गालात चिमूट दाबली की जेवणापर्यंत निश्चिंत. मी काही बोलले की म्हणायचे, "तुझी मिसरी म्हंजे काय तुळशीची पानं हाय?" तेव्हा मी भाजलेल्या तंबाखूची मिसरी बोटावर घेऊन मोरीपाशी बसलेली असायचे. तोंड भरलेलं, उत्तर कसलं देणार. हसून सोडून द्यायचे.

एक दिवस पाहते तर हे चहा तोंड वाकडं करून एकाच बाजूने पिताहेत. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाय, धागा लागलाय." ही आमच्या धंद्यातली जुनी सबब. लूममध्ये आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा; त्याच्या आतल्या कांडीवरच्या धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं असतं. कारीगर त्या भोकाला ओठ लावतो, श्वास आत ओढतो आणि धागा तोंडात येतो. दिवसभर हेच. त्यामुळे लूमवाल्याचा ओठ चिरला, तोंड आलं, तर कुणी दुसरं कारण शोधत नाही. कारीगर गावी गेले की हे स्वतः लूमवर उभे राहायचे, म्हणून मलाही पटलं. त्यांनी धागा तोंडाने ओढणं सोडलं, एक वाकडी तार करून घेतली आणि जखम भरायची वाट बघत राहिले. तंबाखू सुटली नाही, फक्त डाव्या गालात गेली.

जखम भरली नाही. पण दुखतही नव्हती, आणि तिथेच आम्ही फसलो. आपलं गणित साधं असतं ना, दुखतं ते वाईट आणि दुखत नाही ते बरं होतंय. मी तूप लावायला दिलं, तिखट बंद केलं. मग अंगात उष्णता झाली असेल असं ठरलं आणि हे वज्रेश्वरीच्या कुंडात आंघोळीला निघाले. म्हटलं, "उष्णता काढायला उकळत्या पाण्यात कोण बसतं हो?" तरी गेले. आले तेव्हा मी त्यांना दारातल्या उजेडात उभं केलं, आ करा म्हटलं आणि मोबाईलची टॉर्च आत मारली. पांढरट चट्टा, मध्ये लाल, कडा वर आलेल्या. मी बोट लावलं. मऊ गालात तेवढंच कडक, कणकेत मिठाचा खडा लागावा तसं. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मी आत जाऊन उगाच भांडी विसळली.

नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरने बघितलं आणि विचारलं, "चिमूट कुठल्या गालात ठेवायचात?" ह्यांनी हसत हसत बरोबर तीच बाजू दाखवली. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, बारीक तुकडा काढून तपासावा लागेल.

झालं, दुसऱ्याच दिवशी पडघ्याहून मोठी नणंद बसने हजर. "ब्लेड लावू देऊ नको त्याला," ती मला म्हणाली. "सुरी लागली का पसरतो त्यो रोग. माज्या सासऱ्याला कापला आनि पाऊस सरायच्या आत गेला. डोल्यांनी बगलंय मी." हे बाजूलाच बसून ऐकत होते. बहिणीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून त्यांनी विषयच बंद केला. मी काढला की उठून शेडमध्ये जायचे.

खरं सांगायचं तर तेव्हा माझं मलाच काही कळत नव्हतं. नणंद खोटी बोलत नव्हती, तिने मरण बघितलं होतं. मी तुकडा काढायला लावला आणि खरंच पसरलं तर? आयुष्यभर लोक म्हणतील, बायकोनेच घालवला. या भीतीपायी मी एकटीच पुन्हा त्या डॉक्टरकडे गेले आणि अडाण्यासारखे सगळे प्रश्न विचारले.

त्याने शांतपणे सांगितलं. शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. जुन्या मरतात, नव्या होतात, आणि कधी थांबायचं हे प्रत्येकीला ठाऊक असतं. तंबाखू वर्षानुवर्षं एकाच जागी बसली की तिथल्या पेशींच्या आतला तो हुकूमच बिघडतो. मग एखादी थांबत नाही. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, त्याही थांबत नाहीत. सुरुवातीला नसेला धक्का लागत नाही म्हणून दुखत नाही. वाढत गेलं की मानेतल्या गाठींत उतरतं, तिथून पुढे कुठेही. तुकडा काढल्याने ते पसरत नाही, नुसतं बघत बसल्याने पसरतं. मी नणंदेच्या सासऱ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "ते आले असतील तेव्हाच उशीर झालेला असेल. सुरी सगळ्यात शेवटी आली, म्हणून आळ तिच्यावर."

मी तडक शेडमध्ये गेले. लूमच्या खटखटाटात ओरडूनच बोलावं लागतं, पण ही काय ओरडून सांगायची गोष्ट आहे? मी हाताने खूण केली, त्यांनी समोरचं लूम बंद केलं. थांबायचा हुकूम बिघडतो, एवढंच मी सांगितलं आणि ते लूमकडे बघत राहिले. आडवा धागा तुटला की लूम थांबवणारा एक काटा असतो. सारखं थांबायला नको म्हणून काही कारीगर तो दोरीने बांधून ठेवतात. मग धागा तुटला तरी लूम चालूच, आणि कापड म्हणून नुसती जाळी निघते. यावरून ह्यांनी कित्येकांना शिव्या घातल्या आहेत.

"म्हंजे काटा बांधलेला लूम," ते म्हणाले.

"तसंच. आणि व्यापाऱ्याचा माणूस ताग्याचा तुकडा कापून भिंगाखाली धरतो, त्याने कधी तागा फाटलाय का तुमचा?"

त्यांनी शर्टाच्या खिशातली तंबाखूची डबी काढून लूमच्या लाकडावर ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "चल." माझा नवरा घाबरलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि ते तयार झाले की मिळेल म्हटलं होतं तो दिलासा काही मिळाला नाही.

तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. नणंदेला सांगितलं तर तिने डोक्याला हात लावला आणि जाताना ह्यांचा पेला वेगळा ठेव म्हणाली. हा लागणारा रोग नाही हे मी तिला सांगितलं, तिच्यासमोर त्याच पेल्यातून पाणी प्यायले, तरी तिचं मन घेईना. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गालाचा तो भाग काढला. भोवतालचा चांगला भागही थोडा काढला, कारण एखादी पेशी मागे राहिली तर तीच पुन्हा उभी राहते. मानेतल्या गाठी काढल्या. मांडीची कातडी गालाला लावली. नंतर किरणांचे शेक दिले. त्या किरणांनी उरलेल्या पेशी मरतात, पण सोबत तोंड आतून सोलवटतं, थुंकी सुकते, अन्नाची चव जाते. हे पेज गिळताना रडायचे आणि मी पाठमोरी होऊन पदर तोंडात कोंबायचे. सगळ्यांना समजावत फिरणारी मी, मला कुणी समजवायला नव्हतं. रोज उठले की आधी त्यांचा श्वास ऐकायचे.

आता ते घरी आहेत. तोंड पुरतं उघडत नाही म्हणून दातांमध्ये आईस्क्रीमच्या काड्या रचून व्यायाम करतात, बोलणं जरा बोबडं झालंय. शेडमध्ये जातात. कारीगरांना आता काट्यावरून कमी आणि चिमटीवरून जास्त शिव्या पडतात. एकाला परवा म्हणाले, "मेरा मुँह देख, फिर डाल." पुन्हा तपासणीची तारीख जवळ आली की आमच्या दोघांचं जेवण उतरत नाही. डॉक्टर "ठीक आहे" म्हणाला की पुढच्या तारखेपर्यंत जगायचं, असं आमचं चाललंय. गल्लीतल्या बायका मला विचारायला येतात. पोराच्या तोंडात फोड आलाय, सासऱ्याचा आवाज बसलाय. मी त्यांना सांगते, भरत नसेल तर दाखवा. दुखत नाही म्हणून बसू नका.

रोज सकाळी मी टॉर्च घेऊन म्हणते, आ करा. गेल्या आठवड्यात बघून झालं, सगळं नीट होतं, तर त्यांनी माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला.

"आता तू."

"मला काय झालंय?"

"आ कर."

मी हसायला गेले. नुकतीच मिसरी लावून चूळ भरली होती, तोंडात तीच चव होती. इस्पितळाच्या त्या सगळ्या महिन्यांत माझ्या पिशवीत पुडी असायचीच, तिच्यावरच तर दिवस काढले. खालच्या ओठाच्या आत, जिथे मिसरीचं बोट टेकतं, तिथे हल्ली जिभेला काहीतरी खरखरीत लागतं. जीभ तिकडे गेली की मी ती मुकाट्याने दुसरीकडे वळवते. ह्यांना कधी दिसलं कोण जाणे.

"दुखत नाही हो काही," मी म्हटलं.

"मला तरी कुठं दुखत व्हतं."

टॉर्च लावून ते तसेच उभे राहिले. मी भिंतीला टेकले आणि तोंड उघडलं.