सुतकातली डिक्शनरी

दादा मंगळवारी सकाळी गेला. दुपारी त्याला ग्वारीघाटावर दहनाला नेलं. संध्याकाळी आईनं त्याची इंग्रजी डिक्शनरी असलेल्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तेरावं झालं की लगेच माझी मॅट्रिकची परीक्षा होती. अमरावतीचं एक स्थळ दादानं थोपवून धरलं होतं. "मॅट्रिक होऊ द्या, मग बोलू," असं तो सगळ्यांना सांगायचा. आता तसं सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. नापास झाले असते तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं.

बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात दादानं ती डिक्शनरी घेतली होती. कचेरीतून आला की चहा घेता घेता तो एक शब्द काढायचा. अर्थ आधी इंग्रजीत सांगायचा, मग मराठीत, आणि मग माझ्याकडून वाक्य मागायचा. ते वाक्य त्याच दिवशी डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीचं हवं. पुस्तकातलं दिलं तर म्हणायचा, "हे दुसऱ्याचं उष्टं आहे. आपलं काढ." मग स्वतःचंही एक सांगायचा. 'रिलक्टंट' म्हणजे मनातून तयार नसलेला. त्या दिवशी घाटाच्या वाटेवर टांग्याचा घोडा अडला होता आणि टांगेवाला म्हणाला होता, "आज इसका मन नहीं है, भैया." दादाचं वाक्य त्या घोड्याचं होतं. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे कोणी काही म्हणो, आपलंच धरून बसणारा. त्याचं वाक्य भाजीवाल्याशी भावावरून अडून बसलेल्या आईवर होतं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण 'मदर' तेवढं कळायचं.

"माझं नाव काहून घेऊन राहिला रे?"

"तुझी स्तुती करून राहिलो."

"कशी स्तुती आहे ते तुझं तोंड सांगून राहिलं."

आदल्या दसऱ्याला सरस्वतीच्या पाटावर पुस्तकं मांडताना दादानं हौसेनं डिक्शनरीही ठेवली होती. आईनंच तिला गंध लावलं, फूल वाहिलं. तेच आता आडवं आलं.

"पूजा झाली तेव्हाच ती पोथी झाली," आई म्हणाली. "सुतकात पोथीला शिवत नाहीत."

"अगं, ते इंग्रजांचं पुस्तक," बाबा म्हणाले. "त्याला कसलं सोवळं?"

"मग दसऱ्याला गप्प काहून बसले होते?"

किल्ली आईच्या कमरेलाच राहिली.

मला एका जागी बसवेना. अंगणातून दारापर्यंत जायची, परत यायची, कपाटापाशी थांबायची. शब्द आठवायचा आणि अर्थ अर्ध्यावर तुटायचा. 'पर्सिस्टंट' आणि 'ऑब्स्टिनेट' एकमेकांत मिसळले. दोघेही सोडत नाहीत, मग फरक काय, हे दादानं समजावलं होतं, ते आठवेना. माझं पुटपुटणं चालूच असायचं. भेटायला आलेल्या एक काकू आईला म्हणाल्या, "पोरगी जप करून राहिली, बरं आहे."

त्या गेल्यावर आईनं विचारलं, "कसला जप?"

मी सांगितलं.

"पुस्तकाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पण जिभेला कोणी अडवलं नाही. मोठ्यानं म्हण. तो जे वाक्य बोलला होता तेही म्हण, मराठीत."

मग रोज दुपारी ती भिंतीला टेकून बसायची आणि मी म्हणायची. शब्दाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. वाक्य आलं की विचारायची, "हे कधीचं? तेव्हा तो कुठे गेला होता?" सांगण्यासाठी मला तो दिवस आधी आठवावा लागायचा. दिवस सापडला की मागून अर्थही यायचा. 'ऑब्स्टिनेट' आला तेव्हा भाजीवाला आठवला, आणि त्यानंतरचं दादाचं बोलणंही: चिकाटीचं कौतुक असेल तर 'पर्सिस्टंट' म्हणावं, नावं ठेवायची असतील तर हा.

"म्हणजे मला नावंच ठेवली होती," आई म्हणाली.

"हो."

"बरोबर बोलला." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पुढचा म्हण."

तेरावं झाल्यावर तिनं किल्ली माझ्यासमोर ठेवली. परीक्षेत दिलेल्या शब्दांची स्वतःची वाक्यं करायला सांगितली होती. त्यात 'रिलक्टंट' होता. मी घोड्याचं वाक्य लिहिलं. मी पास झाले. अमरावतीच्या लोकांनी दुसरीकडे जमवलं आणि मी पुढे शिकले.

अजूनही एखादा शब्द वाक्याशिवाय नुसताच आठवला की मला बसवत नाही. उठून घरभर येरझारा घालते. विचारायला आई नाही. डिक्शनरी माझ्याकडे आहे, तिच्या पुठ्ठ्यावर गंधाचा डाग आहे. दादाची बहुतेक वाक्यं मी विसरले आहे. घोड्याचं आणि आईचं आठवतं.