पिंपळनेरहून न गेलेले पर्यटक

पिंपळनेरच्या आठ खोल्यांच्या लॉजमध्ये, आमच्या संगणकाच्या मते, एकशे बारा पर्यटक अजून मुक्कामाला होते. त्यांतला एक जर्मन पक्षिनिरीक्षक तर दोन वर्षांपासून होता.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला धुळ्याच्या विभागीय पर्यटन कार्यालयात पहिली नोकरी मिळाली होती, तीही कंत्राटी. सरासरी मुक्काम काढणे हे माझे काम. एकूण रात्रींना पर्यटकांच्या संख्येने भागायचे. त्याच रात्रींना रोजच्या खर्चाने गुणले की पर्यटकांचा खर्च निघतो. देशभर मुक्काम आखूड होत असल्याची चिंता वरच्या पत्रांत असे. पिंपळनेरचा आलेख मात्र उभा चढला होता.

"त्याला हात लावू नका," कार्यालयप्रमुख देशमुख मॅडम म्हणाल्या. "मी वर कळवलंय. सोमवारी अहवालावर सही करा, मंगळवारी तुमचं कंत्राट वाढवते."

"पण मॅडम, इतके लोक तिथे मावणार कसे?"

"हे टुरिझम आहे, भूमिती नाही."

मी संकोचतच पिंपळनेरला गेलो. रजिस्टरमध्ये येण्याच्या तारखा सुवाच्य होत्या. जाण्याचा रकाना संपूर्ण कोरा; म्हणून संगणकाच्या लेखी कोणी गेलेच नव्हते.

"नाना, हे का भरत नाही?" मी लॉजमालकांना विचारले.

"पाव्हणाले 'कव्हय जाशी' आसं इचारू? काय बोलतस भाऊ!"

"निदान गेल्यावर तरी लिहा."

"गया म्हनीसन लिखं म्हंजे दार लाई लेनं. मंग तो परत येई का?"

 तेवढ्यात स्वयंपाकघरातून नानांच्या पत्नी, अक्का, हसल्या. "तारीख माले म्हाईत नही. पन कोन कितला सांज जेवना, बठ्ठं ध्यानमा शे. तो जर्मन? तीन सांज. चवथी सकायले ठेचा खादा नि पयी गया."

मी चुलीजवळ बसून एकशे बारा नावे वाचली; अक्का प्रत्येकाच्या सांजा सांगत गेल्या. सरासरी मुक्काम दोन रात्रींच्या आत आला.

सोमवारी मी मॅडमना म्हणालो, "जुन्या आकड्यावर मला सही करता येणार नाही."

त्यांनी नवा कागद वाचला. "रात्रीच्या जेवणांवरून? आणि उपवासवाल्यांचं काय?"

"अक्का भगरही धरतात."

कंत्राट तीन महिन्यांसाठी वाढले. सगळ्या लॉजच्या अर्जात आता 'रात्रीची जेवणे' हा रकाना आहे. पाचोऱ्यापासून फैजपूरपर्यंत जिथे जेवण मिळतच नाही, तिथेही तो भरून घ्यायला मीच जातो. एवढेच शिकलो की आकडा तपासण्याआधी, तो लिहिणाऱ्याला कोणता प्रश्न विचारायची लाज वाटते, ते पाहावे.