बाळाजी तांबट आणि लखलखीत रेडिएटर

बाळाजी तांबट माणसाच्या डोळ्यांकडे कधी पाहायचे नाहीत, ओठांकडे पाहायचे. जन्मभर तांबं ठोकून कान गेलेले. देवासला त्यांचं दुकान माझ्या घराला लागून. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला भिया. माझी शाळा दुसरीतच सुटली. पण आमच्या आळीत मोटार हाकणारा मी एकटा. त्याचा मला ताठा होता, अजून आहे.

मोटार संस्थानच्या एका सरदारांनी टाकून दिलेली. मी तिचा मागचा भाग कापला, लाकडी बाकं ठोकली आणि सोनकच्छच्या सवाऱ्या न्यायला लागलो. वर्षभरात रेडिएटर फुटला. मुंबईहून नवा मागवणं ऐपतीबाहेरचं. धारच्या एका भंगारवाल्याकडे दोन जुने आहेत असं कळलं, तेव्हा दादा दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर आले.

एक पितळी, आरशासारखा लखलखीत. दुसरा चेपलेला, काळा. तो बसवायचा तर लोखंडी पट्ट्याही नव्या कराव्या लागणार. किंमत सारखीच. दादांनी लोटाभर पाणी लखलखीत रेडिएटरच्या तोंडात ओतलं आणि खाली तळवा धरला. पाणी थेंब थेंब आलं, आतल्या नळ्या तुंबलेल्या.

"घे, म्हाताऱ्याची लघवी!" दादा ओरडले. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

काळ्यात ओतलं ते धो धो खाली आलं.

"हा घे. भांड्याचं तोंड सगळेच बघतात भिया, पोट कोण बघतो? सरदार चार माणसं बसवायचे, तू दहा कोंबतोस. इंजिन तापेल नाही तर काय? पट्ट्या मी करून देतो."

भंगारवाला हसला. "बाबूजी, ये काला तवा लगाओगे? सवारी बैठेगी?"

ते मला लागलं. मी लखलखीत उचलला. "गाडी माझी आहे, दादा."

त्यांनी माझे ओठ वाचले. रागावले नाहीत. "बरं. मग चढावर थांबत जा, त्याला पाणी पाजत जा," एवढंच म्हणाले. आणि तोच रेडिएटर गळत्या जागी डाख लावून त्यांनी स्वतः बसवून दिला.

त्या थंडीत दादांची छाती भरली. वहिनी दोन दिवस काढे देत राहिल्या. तिसऱ्या सकाळी वैद्य म्हणाले, इंदूरच्या इस्पितळात न्या, आजच्या आज. वहिनी लेकरांपाशी राहिल्या. मी दादांना बाकावर निजवलं आणि मोटार पळवली. घाईत एकदाही थांबलो नाही. क्षिप्रेच्या अलीकडे वाफेचा लोट उठला, इंजिन बंद पडलं. रस्त्यावर ना टांगा, ना बैलगाडी. मी नदीवरून पाणी घेऊन धावत आलो, तर दादा उठून बसलेले. बाकाला हात लावून, थरथर थांबली यावरून त्यांनी काय झालं ते ओळखलं होतं.

"लगेच गार पाणी घालू नको, तडकेल," धापा टाकत म्हणाले. "थंड होऊ दे."

मी थांबलो. इंजिन थंड होईस्तोवर दादा गेले.

मग पाणी घातलं, हँडल मारलं. मोटार चालू झाली. मी ती देवासकडे वळवली.

दारात वहिनींनी विचारलं, "भाऊजी, डाक्तर काय म्हणाले?"

मी म्हणालो, "उशीर झाला म्हणाले."

वहिनी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. "मी मेली दोन दिवस काढे पाजत बसले, माझ्यामुळेच गेले हे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी शेजारी बसून ऐकायचो.