हळदकुंकू पचवलेला मदरबोर्ड

कुणाला साड्यांचं वेड असतं, कुणाला भांड्यांचं. मला मदरबोर्डचं आहे. हसा खुशाल! गिरगावातल्या चाळीत बसून मी पुस्तकांची, दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करते, आणि आजवर इतके बोर्ड हाताखालून गेलेत की कंपनीचं नाव ऐकलं की ती पुढे कशी वागणार ते सांगते. एका कंपनीचे बोर्ड नुसते नटवे. रंगीत दिवे, चकचकीत पत्रा, आणि दुसऱ्याच वर्षी कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले. वॉरंटीत न्यावा तर काउंटरवरचा माणूस मूळ खोका मागतो. खोका! चाळीतल्या खोलीत माणसांना जागा नाही आणि मी रिकामा खोका जपू? दुसरी एक कंपनी बोर्ड बिनबोभाट बदलून देते, पण बदललेलाही तसलाच निघतो.

माझा लाडका बोर्ड तैवानच्या एका कंपनीचा. मळकट हिरवा, दिवाबिवा काही नाही. त्याच्या पाठीला जुन्या प्रिंटरचं रुंद पोर्ट आहे, आणि तिथेच माझ्या मराठी फॉन्टचं लॉक बसतं. लॉक म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती लावल्याशिवाय माझी एकही फाइल उघडत नाही, आणि नव्या बोर्डांना ते पोर्टच येत नाही. लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार सांगून थकले, वहिनी, युनिकोडवर या, त्याला लॉक लागत नाही. मी हो हो म्हणते आणि घरी येऊन याच्यावरून ब्रश फिरवते. मे महिन्याचा उकाडा, दिवे गेले-आले, खाली रस्त्यावर खोदकामाची धूळ, कशालाही बिचाऱ्याने कधी हूं की चूं केलं नाही. बनवणाऱ्याच्या हाताला खरंच नमस्कार करावा असं काम आहे.

गेल्या दसऱ्याला मात्र कठीण वेळ आली. एक दिवाळी अंक छपाईला जायच्या बेतात होता आणि सगळी पानं याच मशीनवर. दिवाळी उलटल्यावर दिवाळी अंकाला कोण विचारतं? माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, जन्मभर छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. तिथे दसऱ्याला मशीनची पूजा दणक्यात व्हायची. लोखंडाच्या त्या धुडाला पाणी, हळदकुंकू, झेंडू, सगळं चालायचं. आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा तेच करतात, आणि एरवी मी आधी कॅबिनेट झाकून ठेवते. त्या दिवशी उकाड्यामुळे बाजूचा पत्रा काढलेला, मशीन चालू, आणि मी आपट्याची पानं आणायला खाली उतरलेली. तेवढ्यात बाबांनी मोठ्या भक्तीने उघड्या बोर्डावर फुलाने पाणी शिंपडलं, वर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या.

मी वर आले तर स्क्रीन काळा आणि बाबा तबक हातात धरून तसेच उभे. मी ओरडले. ओरडणारच ना! ते तबक खाली ठेवून जेवायला बसले, पण श्रीखंडाला बोट लावलं नाही. संध्याकाळी फक्त एवढं विचारलं, "माझ्या हाताने अंक मेला का गं?"

माझा सगळा राग तिथेच विरघळला. पदर खोचला आणि बसले. वायर काढली, सेल काढला, कुंकू ब्रशने झाडलं, स्लॉटमध्ये अडकलेल्या अक्षता चिमट्याने एकेक उचलल्या, मेमरीची टोकं खोडरबराने घासली आणि बोर्ड दोन दिवस टेबलफॅनसमोर वाळत ठेवला. बाबा शेजारी बसून असायचे, हात पाठीमागे बांधून, चुकून कशाला लागू नये म्हणून. त्या पोर्टचा दुसरा बोर्ड मिळतो का म्हणून मी फोन केले, तर कळलं की या कंपनीने बोर्ड बनवणं कधीच सोडलं. म्हणजे हा उठला तर अंक, नाहीतर संपादकांना तोंड कसं दाखवायचं तेही मला कळत नव्हतं.

खडखडीत वाळल्यावर सगळं जोडलं. पण बटण दाबायचा मला धीर होईना. मग म्हटलं, बाबा, तुम्ही दाबा.

"नको गं. परत माझा हात नको."

"तुमचाच लागणार आहे."

त्यांनी बोट लेंग्याला पुसलं आणि दाबलं. पंखा घरघरला. मग एकच बारीक बीप, आणि स्क्रीन उजळला. बाबांचे डोळे भरून वाहायला लागले, पण बोट काही बटणावरून हलेना. "बाबा, बोट काढा! दाबून धरलं तर परत बंद होईल!"

चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. मी फाइल उघडली. अंकाचं पहिलं पान आलं, दुसरं आलं, सगळी पानं आली. बाबा खाली फतकल मारून हुंदके देत होते, मीही त्यांच्या शेजारी बसून रडत होते, आणि शेजारच्या काकू दारात येऊन घाबऱ्या घाबऱ्या विचारत होत्या, अगं, गेलं कोण?