नदीकाठचे देऊळ लातुरात उभे करणाऱ्या निर्मलाबाई

नायगावच्या शाळेत मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यातल्या रविवारी निर्मलाबाईंनी मला त्यांच्या माहेरी नेले. बाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांचे गाव धरणात जाणार होते आणि नदीकाठचे प्राचीन महादेवाचे देऊळ उतरवून लातूरला न्यायचे ठरले होते. मोजपट्टीचे एक टोक माझ्या हाती देऊन बाई म्हणाल्या, "धरा." आमची ओळख झाली ती अशी.

दोन वर्षे बाई दर रविवारी जात राहिल्या. प्रत्येक दगडाचे चित्र, माप, क्रमांक आणि शेजारचा दगड कोणता, हे सारे त्यांनी वह्यांत उतरवले. त्यांना कुणी सांगितले नव्हते. सरकारी माणसे दगडांवर रंगाने आकडे टाकत होतीच. पण बाईंचा त्या रंगावर भरवसा नव्हता.

गावाला देव नव्या गावठाणात हवा होता, शहरात नको. बाईंचे धाकटे काका, गणपतराव, एवढेच म्हणाले, "आमचा देव बाहेर काढायला आमचीच लेक पुढं." त्यानंतर ते बाईंशी बोलेनासे झाले. देऊळ गावठाणातच राहावे म्हणून बाईंनीही अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता, हे मला फार उशिरा कळले. काकांना त्यांनी ते कधीच सांगितले नाही. सांगण्याचेही त्राण उरले नव्हते, असे एकदा म्हणाल्या.

लातुरात दगड कित्येक वर्षे उघड्यावर पडून राहिले. रंग उडाला. अखेर काम निघाले तेव्हा कोणता दगड कुठला, हे कुणाला सांगता येईना. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. वह्या घेऊन त्या एसटीने लातूरला जाऊ लागल्या. दोन दगडांची अदलाबदल झाली म्हणून एक उभी भिंत त्यांनी उतरवायला लावली. गवंडी वैतागले. भिंत पुन्हा चढेपर्यंत बाई वाळूच्या ढिगावर बसून राहिल्या, आणि पुढच्या खेपेस त्याच गवंड्यांसाठी धपाटे घेऊन गेल्या.

देऊळ उभे राहिले. भोवती क्लासेसच्या इमारती आणि रिक्षांची रांग. आत फारसे कुणी जात नाही. बाईंना याचे वाईट वाटते आणि त्या ते लपवीतही नाहीत.

गेल्या वर्षी नव्वदीकडे झुकलेले गणपतराव आपल्या मुलीबरोबर तिथे आले. बाई आणि मी तिथेच होतो. भिंतीवरून ते बराच वेळ हात फिरवत राहिले. मग विचारले, "तोंड पूर्वेलाच हाय का?"

"हाव, काका. होतं तसंच."

"नदी न्हाई इथं."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

गणपतराव पायरीवर बसले आणि बाईंनाही त्यांनी शेजारी बसायला सांगितले.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. किनवटकडच्या एका पडक्या देवळासाठी त्यांना परवाच बोलावणे आले आहे. त्या जातील, हे आम्ही ओळखून आहोत. नाही म्हणाल्या, तरी कुणी रागावणार नाही. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातले बरेचसे दिवस त्यांना स्वतःच्या घरी, स्वतःसाठी मिळोत.