एक मशीन, दोन शिफ्ट

फर्स्ट शिफ्ट करून मी साडेतीनला घरी यायचो, तेव्हा माझ्या खुर्चीत बाबा बसलेले असायचे. खुर्ची माझी, कॉम्प्युटर माझा, कानावरचे हेडफोनही माझेच, आणि चालवणारे ते. चालवायचे काय, तर ट्रक.

राजूरला खदानीच्या वस्तीत आमचं घर आहे. बाबांनी उभी हयात कोळशाच्या खदानीत डंपर चालवला. मी वजनकाट्यावर बसतो. ट्रक काट्यावर चढतो, आकडा थांबतो, मी बटण दाबतो, ट्रक उतरतो, की दुसरा चढतो. दिवसभर माणसं माझ्याशी खिडकीतून बोलतात, आणि तेही कटकट करायलाच. बायको उमरखेडला शिक्षिका आहे. शनिवारी एसटीने येते, रविवारी दुपारी परत जाते. आई जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघं बापलेक, आणि बोलण्यात दोघंही सारखेच कंजूष.

गेम खेळणं ही माझी एकुलती एक चैन. तीही मी माझ्या हाताने घालवली. रिटायर झाल्यावर बाबा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवत. ते बंद व्हावं म्हणून मीच त्यांना ट्रक चालवायचा गेम लावून दिला, टेबलाला स्टिअरिंगही बसवून दिलं. वाटलं, दोन दिवस खेळतील आणि कंटाळतील. त्यांनी स्टिअरिंग हलवून पाहिलं, "याले प्ले लय हाय" म्हणाले, म्हणजे चाक सैल आहे, आणि जे बसले ते बसलेच. ताशी चाळीसच्या वर जायचे नाहीत. गाडी हलवण्याआधी दोनदा हॉर्न द्यायचे, पडद्यावर चिटपाखरू नसलं तरी.

खदानीत एक रीत आहे. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय ऑपरेटर मशीन सोडत नाही. तो आला की खाली उतरायचं, मशीनचं दुखणंखुपणं त्याला सांगायचं आणि मगच घराकडे वळायचं. याला चार्ज देणं म्हणतात. मी जन्मलो त्या दिवशी बदलीचा माणूस आला नाही म्हणून बाबा दोन शिफ्ट डंपरवरच होते. आईने हे त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

तीच रीत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला लावली. मी दारात बूट काढले की ते हेडफोन काढून ठेवत, उभे राहत आणि चार्ज देत. "बारा वाजता पंखा आवाज करून राह्यला व्हता. दोनदा स्क्रीन काळा झाला. मी बंद करून थंडा केला, मंग चालू केला. आता बरा हाय." मी "हं" म्हणायचो. तरी ते हलायचे नाहीत. काट्यावर गर्दी होती का, वणीचा रस्ता पुन्हा उखडला का, डब्यातली भाजी संपवली का, असं एकेक विचारत राहायचे. मग आपलं ताट घ्यायचे. चार्ज दिल्याशिवाय दुपारचं जेवायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मला त्या वेळी फक्त त्यांनी बाजूला व्हावं असं वाटायचं. खोटं कशाला सांगू, तेवढंच वाटायचं.

एप्रिलात मी शहाणपणा केला. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीत पाण्याचा कूलर बसतो आणि घरातलं सगळं जगणं त्याच्या वाऱ्यासमोर सरकतं. बाज सरकते, टीव्ही सरकतो, आंब्यांची टोपली सरकते. मी कॉम्प्युटरही सरकवला. माणसाला बरं वाटतं ते मशीनलाही वाटेल, एवढं साधं गणित. कूलरचा ओला वारा आणि वस्तीतली कोळशाची धूळ दोन महिने त्याच्या पोटात जात राहिली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. जूनमध्ये तो सारखा बंद पडायला लागला. वणीच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कॅबिनेट उघडलं, तर आत काळा चिखल वाळलेला आणि मदरबोर्डच्या कडेने गंज.

"भाऊ, याच्यात खदान काढली काय तुमी?" तो म्हणाला.

मग त्याने दोन रस्ते सांगितले. एक, याच मशीनमध्ये नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवं ग्राफिक कार्ड टाकायचं. मला हवा होता तो नवा गेम त्यावर चालला असता आणि ट्रक तर चाललाच असता. दुसरा, हा साफसूफ करून ट्रकपुरता ठेवायचा आणि माझ्यासाठी वेगळा कॉम्प्युटर बांधायचा.

पंधरा दिवस मी काट्यावर बसून यावरच डोकं फोडलं. एकच सुधारला तर झकास होईल, पण त्यावर बाबा बसतील. दोन केले तर एक ना धड, भाराभर चिंध्या. शिवाय या वस्तीत एका मशीनची धूळ पुसता पुसता माणूस दमतो, दोन कोण पुसणार? त्या विचारानेच खांदे दुखायचे. तेव्हा मला सगळ्याचाच थकवा यायचा. आकड्यांचा, हॉर्नचा, घरी येऊन पुन्हा कुणाची तरी वाट पाहत उभं राहण्याचा.

बायको फोनवर म्हणाली, "दोन करा न एकदाचे. एका खुर्चीपायी बापलेक तोंड फुगवून बसता."

बाबांना विचारलं. ते बराच वेळ फडक्याने स्टिअरिंग पुसत राहिले.

"दुसरा कायले? तू आला की मी उठतोच न."

"दिवसभर तुमालेच भेटते, बाबा. उठाचं कामच नाही."

"उठाले मले काही त्रास नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, भिडेपोटी बोलतात. खरं म्हणजे मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. घरी आल्यावर एक खुर्ची रिकामी मिळावी, एवढ्यासाठी मी दुसरा कॉम्प्युटर बांधला. जुना साफ करून आतल्या खोलीत बाबांच्या बाजेजवळ ठेवला, स्टिअरिंगसकट. नवा बाहेर, कूलरच्या जागेपासून लांब.

पहिल्या दिवशी साडेतीनला अंगणाचं लोखंडी फाटक ढकलून आत आलो. बूट काढले. खुर्ची रिकामी. आतून ट्रकच्या इंजिनाचा आवाज येत होता. हातपाय धुऊन बसलो आणि नवा गेम लावला. दणक्यात चालला, एकदाही अडकला नाही. पण माझंच लक्ष लागेना. ओळीने तीनदा मेलो. सकाळपासून "साहेब, जल्दी करा" याखेरीज माझ्याशी कोणी काही बोललं नव्हतं, आणि हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. रोजच तसं होतं. फक्त रोज साडेतीनला कोणीतरी ते मोडत होतं.

पाचला चहा टाकला आणि दोन कप घेऊन आत गेलो. बाबा स्टिअरिंगसमोर ताठ बसले होते. पडद्यावर ट्रक रस्त्याच्या कडेला उभा, इंजिन चालू. सकाळी मी झाकून ठेवलेलं ताट बाजेवर तसंच झाकलेलं.

"जेवले नाही काय?"

"उतरू कसा?" ते म्हणाले. "बदली कुठी आली?"

ते हसत होते. थट्टाच होती ती. पण झाकलेलं ताट काही थट्टेतलं नव्हतं. मला माझीच इतकी लाज वाटली की हातातले कप कुठे ठेवावेत ते सुचेना.

"उठा, बाबा," मी म्हटलं. "आलो मी."

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. "स्क्रीन आज एकदाही काळा नाही झाला. पंखा बरा हाय. स्टिअरिंगचा प्ले तसाच हाय."

मी बसलो. खुर्ची गरम होती. "अजून?" मी विचारलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच असं विचारत होतो.

"अजून काही नाही." त्यांनी बाजेवर बसून ताटावरचं झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाटक तं साडेतीनलेच वाजलं व्हतं."