सिंगल महिला, वर्धा

वर्ध्याच्या नालवाडीत माझ्या घराच्या पुढच्या खोलीवर 'डिजिटल मार्केटिंग' अशी पाटी आहे. शेजारचे काका त्याला 'ते कॉम्प्युटरचं' म्हणतात आणि अजूनही माझ्याकडे सातबारा काढायला येतात. माझा धंदा म्हणजे गिऱ्हाइकाची वेबसाइट गुगलवर वर आणून देणे. लोक शोधताना कोणते शब्द टाकतात ते हुडकायचे आणि पानावर असे पेरायचे की गुगलला वाटावं, जगात दुसरं पानच नाही.

या धंद्यातला माझा एकुलता एक विजय म्हणजे 'सिंगल रूम सावंगी'. तिथे मेडिकलची पोरं कायम खोल्या शोधत असतात. एका घरमालकाचं पान मी असं वर चढवलं की त्याला जेवताना फोन बंद ठेवावा लागायचा. मथळ्यातच मोबाईल नंबर टाकायचा, ही माझी युक्ती. तिच्यावर मी पुष्कळ दिवस जगलो.

मग आर्वीहून एक ताई आल्या. त्या एकट्या बायांची संघटना चालवत. कोणाचा नवरा गेलेला, कोणी नवऱ्याने टाकलेली. डेपोजवळ एक खोली, त्यात शिलाई मशीन आणि एक फोन. फोन म्हणजेच संघटना. खेड्यातली बाई घरात कोणी नसताना चोरून तोच लावायची.

"आमचं पान कुठीसा खाली पडून आहे," ताई म्हणाल्या. "बायांले सापडलं म्हंजे झालं."

सरकारी शब्द 'एकल महिला'. तो कोणी शोधतच नाही, असं माझं सॉफ्टवेअर सांगत होतं. 'सिंगल महिला' मात्र धो धो. सिंगल तर माझ्या घरचाच शब्द. मी मथळा केला: 'सिंगल महिला वर्धा – मोबाईल नंबर – लगेच संपर्क'. धंद्याच्या हिशेबाने त्यात आजही मला काही खोट सापडत नाही.

पान उघडणाऱ्यांचा आलेख चढला. मी त्याचा फोटो ताईंना पाठवला, वर अंगठाही. उत्तर म्हणून त्यांचा फोनच आला, तोही शेजारणीच्या नंबरवरून.

"काऊन गा भाऊ, हे कोनचे लोकं फोन करून राह्यले मले?"

"बायाच असतील ना, ताई."

"मानसं! एक म्हने, फोटो पाठवा. म्या म्हटलं, साठीची आहो, डोयात मोतीबिंदू आहे. तर म्हने, चालन."

मला हसू फुटलं.

"हसून काय राह्यला? बायांले फोन लागतच नाई आता. कवाबी लावा, येंगेज."

मथळा मी लगेच बदलला. पण नंबर तोवर कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरत होता. नवा नंबर घ्या म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "अन् बायांले कोन सांगन? कोनी चुलीमागं लिहून ठेवला, कोनाले पाठ आहे."

मग मीच शक्कल काढली. फोन काही दिवस माझ्याकडे द्या, पुरुषाचा आवाज ऐकला की हे गडी आपोआप गळतील. तसंच झालं. मी खर्जात "हॅलो" म्हणायचो, पलीकडून फोन कट. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "झाले का तुमी सिंगल महिला?" फोन कमी होत गेले. मला माझं कौतुक वाटू लागलं. हे असं वाटू लागलं की काहीतरी बिघडलेलं असतं, पण ते मला नेहमी मागाहून कळतं.

फोन घेऊन आर्वीला गेलो. ताई मशीनवर पिको करत होत्या.

"काम झालं, ताई. माझा आवाज ऐकला की ठेवून देतात."

"सगयेच?"

"सगळेच. एक शब्द बोलत नाहीत."

"अन् बायांचे किती आले?"

"एकही नाही."

मशीन थांबलं.

"मंग न बोलता ठेवनारे मानसंच होते, हे तुले कसं समजलं?"

मी फोन उघडला. नुसते नंबर. नंबरावरून बाई की माणूस ते कळत नाही, एवढं माझ्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

"उलटे लावून पाहू का?"

"बिलकुल नाई. आमी कवाच उलटा लावत नाई. आता तो बाईचा फोन कोनाच्या हातात असन, कोनाले मालूम?"

मला वाईट वाटलं असं लिहायला हरकत नाही, पण वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. पिकोची साडी कोणत्या रंगाची आहे ते मी पाहत बसलो. शेवाळी होती.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने माझा हात पुढे गेला. ताईंनी तो बाजूला सारला, फोन कानाला लावला आणि पलीकडे कोण आहे हे कळायच्या आत म्हणाल्या, "बोल बाई."

पलीकडे माणूस होता. फोटो मागत होता, मला तिथवर ऐकू आलं. ताईंनी फोन ठेवला. थोड्या वेळाने परत वाजला.

"बोल बाई," ताई म्हणाल्या.